जादूगार, सुपरहिरो आणि साधा माणूस एकाच टीममध्ये: युनिव्हर्सल सिस्टममध्ये पॉवर बॅलन्स कशा करायच्या

टेबलाभोवती बसून फासे टाकत खेळायच्या रोलप्लेइंग गेममध्ये गर्प्स, हीरो सिस्टम, सॅव्हेज वर्ल्ड्स असल्या युनिव्हर्सल सिस्टम (कुठल्याही प्रकारच्या गोष्टीला चालणारे नियम) लोक घेतात त्या यासाठीच की एका टेबलावर काहीही चालतं. एक जण मंत्र टाकतोय, एक जण उडतोय, एक जण नुसतं पिस्तूल घेऊन फिरणारा डिटेक्टिव्ह आहे. आणि मग तिसऱ्या-चौथ्या सेशनला डिटेक्टिव्हवाला प्लेयर गप्प बसायला लागतो. कॅरेक्टर बनवायला सगळ्यांना सारखेच २०० पॉइंट दिलेले असतात, कुणी लबाडी केलेली नसते, सगळं रूलबुक बघूनच केलेलं असतं, तरी असं होतं. ते का होतं आणि जीएमने (गेम मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा) कॅम्पेन, म्हणजे अनेक सेशन चालणारी गोष्ट, सुरू व्हायच्या आधी काय काय बघून ठेवायचं ते इथे लिहितोय. उदाहरणं जास्त करून गर्प्सच्या चौथ्या एडिशनची आहेत कारण तिथे प्रत्येक गोष्टीला आकडा आहे, त्यामुळे घोळ नेमका कुठे होतो ते कागदावर दिसतं.

पहिली गोष्ट डोक्यात पक्की करा. पॉइंट ही पॉवरची किंमत आहे, तुमच्या कॅम्पेनमध्ये ती पॉवर किती भारी पडेल हे पॉइंट सांगत नाहीत. सांगूच शकत नाहीत. गर्प्स १९८६ पासून आहे, हीरो सिस्टम १९८१ च्या चॅम्पियन्स या सुपरहिरो गेममधून आली, आणि दोन्ही बनवणाऱ्यांना हे माहीतच नव्हतं की तुम्ही स्पेसशिपवर खेळणार की जंगलात की खुनाचा तपास लावणार. त्यांनी सगळ्या प्रकारच्या खेळांचा विचार करून मधला कुठलातरी आकडा ठेवला. गर्प्समध्ये उडणं ४० पॉइंट. आता डोंगरदऱ्यांतून वाट काढत एखादा किल्ला गाठायचा असं कॅम्पेन असेल तर हा ४० पॉइंटवाला अर्धं कॅम्पेन एकटा खाऊन टाकतो, आणि जिथे प्रत्येक व्हिलन उडतो अशा सुपरहिरो शहरात तेच ४० पॉइंट म्हणजे नुसतं गेटपास. किंमत दोन्हीकडे तीच.

आधी अडचणींची यादी करा, मग पॉवर बघा

बहुतेक जीएम उलटं करतात, प्लेयर कॅरेक्टर घेऊन येतात आणि मग जीएम बघत बसतो की आता याला अडवायचं कसं. त्याऐवजी कॅम्पेन ठरलं की कागदावर लिहा की या गोष्टीत लोकांना नक्की कशाशी झुंजायचंय. खुनी कोण ते शोधायचंय, कुठेतरी चोरून शिरायचंय, लांबचा प्रवास आहे, जखमी माणूस जगवायचाय, राजाला पटवायचंय, जे असेल ते. आठ-दहा ओळी पुरतात. मग प्लेयरने मागितलेली प्रत्येक पॉवर या यादीवरून फिरवा आणि एकच प्रश्न विचारा, या पॉवरने ती अडचण सोपी होते की गायब होते?

सोपी होत असेल तर बिनधास्त द्या, पॉवर त्यासाठीच असते. गायब होत असेल तर थांबा. सहा फाशांचा आगीचा गोळा लढाई सोपी करतो. पण समोरचा खरं बोलतोय की खोटं हे दर वेळी बिनचूक कळणारी पॉवर तपासाचं कॅम्पेन गायबच करते, पाच जणांना एका खोलीत बसवायचं, प्रत्येकाला एक प्रश्न विचारायचा, झालं, खेळ खल्लास. माझ्या मते नवे जीएम इथेच चुकीच्या ठिकाणी घाबरतात, डॅमेजच्या फाशांकडे डोळे वटारून बघतात आणि खरं-खोटं ओळखणं, वस्तूला हात लावून भूतकाळ बघणं, टेलिपोर्ट, मेलेल्याला उठवणं या चार गोष्टी सहज हो म्हणून सोडून देतात. डॅमेज मोजता येतं, त्याच्यासमोर जास्त दणकट शत्रू ठेवता येतो. पण ‘मला माहितीये खुनी कोण आहे’ याच्यासमोर काय ठेवणार? हीरो सिस्टममध्ये अशा पॉवरच्या शेजारी स्टॉप साइनचं चिन्हच छापलेलं असतं, जीएमने परवानगी द्यायच्या आधी नीट विचार करावा म्हणून. तुमच्या सिस्टममध्ये नसेल तर तुम्ही पेन्सिलने काढा.

मग अशी पॉवर मागितली तर सरळ नाही म्हणायचं का? कधीकधी हो, आणि त्यात वाईट वाटून घेऊ नका. दुसरा मार्ग म्हणजे किंमत वाढवायची, गर्प्समध्ये त्यासाठी अनयुज्वल बॅकग्राउंड (दुर्मिळ पॉवरसाठी वरून भरायचे जादा पॉइंट) आहे, पण खरं सांगायचं तर महाग केलेली मोडकी पॉवर ही मोडकीच राहते, फक्त तो प्लेयर बाकी सगळ्यात कमकुवत होतो, म्हणजे एका सीनमध्ये तोच सगळं करणार आणि उरलेल्या सीनमध्ये काहीच नाही. मला तिसरा मार्ग सगळ्यात आवडतो, पॉवरचा आकार बदलायचा. मन वाचता येतं, पण शब्द नाहीत, त्या क्षणाची भावना फक्त कळते. समोरचा घाबरलाय हे कळलं, कशाला घाबरलाय ते तुम्ही शोधा. भूतकाळ दिसतो, पण फक्त त्या वस्तूशी जोडलेला सगळ्यात तीव्र क्षण, आणि तो खुनाचाच असेल असं नाही. आता ही पॉवर तपास संपवत नाही, उलट धागेदोरे देते, आणि गंमत म्हणजे प्लेयरलाही ती जास्त आवडते कारण तिच्यातून पुढे करायला काहीतरी मिळतं.

एकच पॉवर, दोन रस्ते: अदृश्य होणं

आता जरा आकड्यांत शिरू, कारण जादू आणि सुपरपॉवर यांच्यातला खरा फरक इथे दिसतो.

गर्प्समध्ये अदृश्य होणं ॲडव्हान्टेज म्हणून, म्हणजे पॉइंट मोजून मिळणारा अंगचा गुण म्हणून, घेतलं तर ४० पॉइंट. त्यात तुम्ही कायमचे अदृश्य असता, बंद करता येत नाही, आणि अंगावरचे कपडे-सामान दिसत राहतं! चालू-बंद करायची सोय हवी तर १० टक्के वाढ, थोडं सामान सोबत अदृश्य व्हायला हवं तर अजून २० टक्के, म्हणजे ५२ पॉइंट झाले. यात थकवा नाही, रोल नाही (फासे टाकून जमतंय का बघायचं नाही), दिवसभर वापरा.

दुसरा रस्ता जादूचा. समजा जादूगाराचा आयक्यू १४ आहे, त्याचे ८० पॉइंट, मेजरी (जादूची देणगी) ३ चे ३५, एकूण ११५. स्पेल (मंत्र) हार्ड, म्हणजे अवघड, स्किल असतं, त्यामुळे एक पॉइंट टाकला की आयक्यू अधिक मेजरी वजा दोन, म्हणजे थेट १५ लेव्हल मिळते. अदृश्य व्हायच्या स्पेलआधी प्रकाश आणि अंधाराचे सहा स्पेल शिकावे लागतात, म्हणजे सगळे धरून सात पॉइंट. सात! आणि त्या सहा स्पेलचा वेगळा उपयोग आहेच. स्पेल टाकायला ५ फटीग (थकव्याचे पॉइंट) आणि दर मिनिटाला चालू ठेवायला ३, पण स्किल १५ असल्यामुळे दोन्हीकडे एक कमी, ४ आणि २. तीन मिनिटं अदृश्य राहायचं तर ८ फटीग लागतात. फटीग पॉइंट १० असतील तर उरले २, आणि एक तृतीयांशच्या खाली गेलं की मूव्ह आणि डॉज अर्धे होतात, म्हणजे पहारेकऱ्याला चुकवून आत गेलेला जादूगार आत धापा टाकत उभा आहे, पळता येत नाही, वार चुकवता येत नाही.

छान आहे की नाही? किंमत कमी पण वापरताना चटका बसतो. कागदावर हा बॅलन्स अगदी सुंदर दिसतो. मोडतो तो पुढे, कारण फटीग दर १० मिनिटांच्या विश्रांतीला १ या वेगाने परत येतो. आठ फटीग म्हणजे ८० मिनिटं. तुमच्या कॅम्पेनमध्ये दोन सीनच्या मध्ये निवांत दीड तास मिळत असेल तर जादूगाराची मर्यादा ही मर्यादाच नाही, त्याने सात पॉइंटमध्ये ५२ पॉइंटची वस्तू उचलली. वर रिकव्हर एनर्जी नावाचा स्पेल १५ ला असेल तर तोच वेळ अर्धा होतो, ४० मिनिटं, आणि पॉवरस्टोन (जादूसाठी ऊर्जा साठवणारे दगड) असतील तर अजूनच सुटला. म्हणून जादूगाराचं शीट हातात आलं की या दोन गोष्टी आधी बघा, आगीचे गोळे नंतर.

म्हणजे गर्प्सच्या जादूचा बॅलन्स खरा घड्याळात आहे. प्लॉट लिहिताना घाई ठेवा. कैद्याला पहाटे हलवणार आहेत, बोट भरतीला सुटणार आहे, मागे लागलेले लोक तासाभरावर आहेत. प्रत्येक सीनला घाई ठेवायची नाही, ते थकवणारं होतं, पण ज्या रात्री मोठं काम आहे त्या रात्री एका सीनचा खर्च दुसऱ्या सीनमध्ये जाणवला पाहिजे.

दुसरी कळ ‘माना’ची, म्हणजे त्या जागी जादूची ऊर्जा किती आहे त्याची. लो माना भागात प्रत्येक स्पेलला उणे ५. जादूगाराचं १५ चं स्किल १० वर येतं, तीन फाशांवर १५ किंवा कमी येण्याची शक्यता ९५ टक्क्यांच्या वर आहे आणि १० किंवा कमीची बरोब्बर ५०, शिवाय ती एक फटीगची सूटही जाते. एवढा मोठा फरक एका शब्दाने पडतो, म्हणून ही कळ जपून वापरा आणि आधी सांगून वापरा. शहराचा लोखंडी कारखान्यांचा भाग लो माना आहे हे जादूगाराला पहिल्या दिवसापासून माहीत असलं तर तो त्याभोवती प्लॅन करतो, मजा येते. ऐन लढाईत ‘अरे इथे माना कमी आहे’ म्हटलं तर त्याला शिक्षा केल्यासारखं वाटतं, आणि बरोबरच आहे त्याचं.

पण अजून एक लफडं राहतंच, पसारा. त्या जादूगाराला विसावी पॉवरसुद्धा एकाच पॉइंटला मिळते. सुपरहिरोने पुढचे ४० पॉइंट साठवून एक नवी पॉवर घेतली तोवर याच्याकडे ४० नवे स्पेल. मग कुलूप उघडणं, जखम भरणं, वाट शोधणं, भाषा समजणं, सगळ्यांचं काम हाच करतो. यावर सोपा उपाय म्हणजे त्याला कॉलेज (स्पेलचा एक गट, जसं प्रकाश-अंधार) ठरवून द्यायचं. गर्प्समध्ये मेजरीला ‘एकच कॉलेज’ हे उणे ४० टक्क्यांचं लिमिटेशन (किंमत कमी करणारी अट) आहेच, किंवा टेबलावर नियम करा की प्रत्येक जादूगाराला दोनच कॉलेज, आणि ती दुसऱ्या कुणाच्या कामावर पाय देणारी नकोत. टीममध्ये डॉक्टर असेल तर जादूगाराने हीलिंग घ्यायचं नाही, असं स्पष्ट बोला. काही लोकांना हे कडक वाटतं, मला नाही वाटत, डॉक्टरवाल्या प्लेयरने त्याचे पॉइंट त्यात घातलेत.

लिमिटेशन खरंच बोचतं का

हीरो सिस्टममध्ये एक तत्त्व आहे, जे लिमिटेशन अडवत नाही त्याचे पॉइंट मिळत नाहीत. कुठल्याही पॉइंटवाल्या सिस्टममध्ये मला याहून कामाचा नियम माहीत नाही. ‘फक्त रात्री चालते’ ही अट दिवसाउजेडी फिरणाऱ्या कॅम्पेनमध्ये जबरदस्त आहे, आणि जिथे टीम रात्रीच बाहेर पडते तिथे फुकटचा डिस्काउंट. वाळवंटात ‘पाण्याखाली चालत नाही’ घेऊन आलेल्याला काय म्हणायचं ते तुम्हाला कळतंच.

मी असं विचारतो, पुढच्या तीन सेशनमध्ये हे एकदा तरी आडवं येईल का? नाही येणार असं वाटलं तर पॉइंट शून्य, हवं तर नुसतं रंगत म्हणून ठेव. येईल असं वाटलं तर मग ते आणायची जबाबदारी जीएमची, हे पण विसरू नका. प्लेयरने ‘आगीजवळ पॉवर जाते’ घेतलं आणि वर्षभरात एकदाही आग लागली नाही तर ती चूक त्याची नाही.

आणि सवलतींचा ढीग बघा. गर्प्समध्ये लिमिटेशनची बेरीज कितीही झाली तरी सूट उणे ८० टक्क्यांवर थांबते, म्हणजे १०० पॉइंटची पॉवर २० ला. त्या २० पॉइंटवाल्या माणसाच्या हातात जेव्हा पॉवर चालू असते तेव्हा ती पूर्ण १०० चीच असते. हीरोमध्ये म्हणूनच ॲक्टिव्ह पॉइंट (सूट धरायच्या आधीची किंमत) आणि रिअल कॉस्ट (सूट धरून) वेगळे मोजतात. १२ फाशांचा ब्लास्ट म्हणजे ६० ॲक्टिव्ह पॉइंट, त्यावर एकूण उणे १ ची लिमिटेशन लावली (हीरोमध्ये याचा अर्थ किंमत निम्मी) की रिअल कॉस्ट ३०, पण समोरच्याला लागतात ते १२ च फासे. मर्यादा घालायची तर ॲक्टिव्ह पॉइंटवर घाला. गर्प्समध्ये हा शब्द नाही पण युक्ती चालते, सूट धरायच्या आधीची किंमत बघा आणि म्हणा की या कॅम्पेनमध्ये कुठलीही एक पॉवर सूट धरायच्या आधी अमुक पॉइंटच्या वर नको.

लढाईत सगळ्यात मजबूत आणि सगळ्यात नाजूक, दोघांना समोरासमोर ठेवा

इथे एक हिशोब करून दाखवतो, तो कळला की बाकी आपोआप सुटतं. सुपरहिरोने डीआर (डॅमेज रेझिस्टन्स, फटक्यातून तेवढं वजा करणारं कवच) ३० घेतला, १५० पॉइंट. डिटेक्टिव्हचे एचपी (हिट पॉइंट, म्हणजे किती मार सोसेल) १०, अंगावर शर्ट. तुम्हाला अशी लढाई हवी की दोघांनाही धोका वाटेल. सुपरहिरोला खरचटायचं तर शत्रूकडे साधारण १० फासे डॅमेज पाहिजे, सरासरी ३५, त्यातले ५ आत जातील. आता तोच ठोसा डिटेक्टिव्हला लागला, १० वजा ३५ म्हणजे उणे २५. उणे १० ला एक मरणाचा रोल, उणे २० ला दुसरा. एका फटक्यात. म्हणजे शत्रू सुपरहिरोला गुदगुल्या करतोय तेव्हाच दुसऱ्याला मारतोय, आणि असा शत्रू लिहिताच येत नाही जो दोघांना पुरेल.

म्हणून कॅम्पेनच्या आधी दोन आकडे काढा, टीममधला सगळ्यात जास्त डीआर आणि सगळ्यात कमी एचपी अधिक डीआर. या दोघांत एवढं अंतर नको की मधे कुठलाच फटका बसणार नाही. डीआर ३० चा १२ केला तर ५ फाशांचा शत्रू, सरासरी साडेसतरा, सुपरहिरोलाही जाणवतो आणि डिटेक्टिव्ह लागला तर आडवा होतो पण पहिल्याच फटक्यात मरणाच्या रोलपर्यंत बहुधा जात नाही. वाचलेल्या ९० पॉइंटमध्ये सुपरहिरोला जास्त ताकद द्या, हळू रीजनरेशन (जखम आपोआप भरणं) द्या, त्याचं मन मोडणार नाही.

म्युटंट्स अँड मास्टरमाइंड्स या सुपरहिरो गेममध्ये हे थेट सूत्रात बांधलंय आणि ते उसनं घ्यायला हरकत नाही. तिथे हल्ल्याचा बोनस (नेम) अधिक इफेक्टची रँक (फटक्याचा जोर) ही पॉवर लेव्हलच्या (कॅम्पेनसाठी ठरवलेली ताकदीची पातळी) दुपटीच्या वर जाऊ शकत नाही, आणि डॉज (वार चुकवणं) अधिक टफनेसलाही (मार सोसणं) तसंच. पॉवर लेव्हल १० ला कुणी १२ आणि ८ घेईल, कुणी ८ आणि १२. अचूक पण हलका, किंवा जड पण चुकणारा. गर्प्समध्ये आणताना फक्त हे लक्षात ठेवा की तीन फाशांचा आलेख मध्ये फुगलेला असतो. १० वरून १२ वर गेलं की यश ५० वरून ७४ टक्क्यांवर जातं, १४ वरून १६ ला जाताना ९१ वरून ९८. वरच्या टोकाला स्किल कमी देतं, त्यामुळे १६ च्या वर सूत्र सैल ठेवलं तरी चालतं.

बाकी सिस्टमबद्दल थोडक्यात

सॅव्हेज वर्ल्ड्समध्ये काम बरंच हलकं आहे, कारण पॉवर मोजक्या आणि दिसणं वेगळं, ज्याला तिथे ट्रॅपिंग म्हणतात. बोल्ट म्हणजे बोल्ट, मग तो आगीचा असो, बर्फाचा असो किंवा किड्यांचा थवा. त्यामुळे जादूगार आणि म्युटंट एकाच मोजपट्टीवर येतात. सध्याच्या ॲडव्हेंचर एडिशनमध्ये मॅजिकवाल्याला १० पॉवर पॉइंट आणि तासाभराच्या विश्रांतीला ५ परत, म्हणजे इथेही घड्याळाचाच खेळ. फासे फुटतात हे मात्र धरा, सर्वाधिक आकडा आला की परत टाकायचा, त्यामुळे दोन सहाच्या फाशांची सरासरी ७ नाही तर ८.४ येते, आणि कधीतरी एखादा साधा गुंडही २५ डॅमेज करून जातो. कडक छत घालून इथे उपयोग नाही, बेनी (रोल परत टाकायला वगैरे वापरायची टोकन) थोडे सढळ हाताने वाटा.

फेट या सिस्टममध्ये हा प्रश्न जवळजवळ उरतच नाही, तिथे देव असो की शिंपी, अ‍ॅस्पेक्ट (कॅरेक्टरची ओळख सांगणारं वाक्य) वापरला की रोलला अधिक दोनच. ज्यांना आकड्यांची कटकटच नको त्यांनी तिकडे जावं.

साध्या माणसाला काय द्यायचं

डिटेक्टिव्हकडे परत येऊ, कारण तो टिकला तर कॅम्पेन टिकतं. त्याला जास्त पॉइंट देऊन फरक पडत नाही, २५० पॉइंटचा माणूसही भिंतीतून जात नाही. त्याला असं काही द्या जे पॉवरने विकत मिळत नाही. गर्प्समध्ये लक (नशीब) १५ पॉइंटला आहे, खेळाच्या दर तासाला एकदा रोल परत टाकून तीनमधला चांगला घ्यायचा, ते त्याला घ्यायला सांगा आणि पॉवरवाल्यांना बंद ठेवा. ओळखीपाळखी, पोलिसांत रँक, पैसा, शहरात नाव, हे सगळं त्याच्या वाट्याला. आणि मग कथेत त्याला खरं वजन द्या. उडणारा माणूस कोर्टात साक्ष देऊ शकत नाही कारण तो तोंड लपवून फिरतो, मंत्राने मिळालेला पुरावा कुठलाच न्यायाधीश मानत नाही. मग जादूगाराने शोधलेली गोष्ट कागदावर सिद्ध करायला डिटेक्टिव्हच लागतो आणि दोघांना एकमेकांची गरज पडते.

हे सगळं ठरलं की सेशन झिरोला (कॅम्पेनआधीच्या तयारीच्या बैठकीला) तीन छोटे सीन खेळवून बघा, एक मारामारी, एक चोरून शिरणं, एक चौकशी. प्रत्येकी वीसेक मिनिटं, कथेत धरायचे नाहीत. कोण कुठल्या सीनमध्ये नुसता बसून राहिला ते लिहून ठेवा. एका सीनमध्ये बसला तर ठीक, तिन्हींत बसला तर त्याचं शीट दुरुस्त करा, आणि एकच जण तिन्हींत पुढे असेल तर त्याचं. कॅम्पेन सुरू झाल्यावर काही बिघडलं तर त्या प्लेयरशी सेशनच्या मधल्या दिवसांत एकट्याने बोला, सगळ्यांसमोर नाही, आणि पॉवर काढून घेत असाल तर तिचे पॉइंट पूर्णच्या पूर्ण परत द्या, त्यातून त्याने काय घ्यायचं ते त्यालाच निवडू द्या. एका वेळी एकच बदल करा आणि दोन सेशन खेळून बघा, कारण तीन गोष्टी एकदम हलवल्या तर कशाने फरक पडला ते कळत नाही.